म्हाताऱ्यांची कामं

वयाच्या अठराव्या वर्षी मी पहिल्यांदा सत्तर वर्षांची झाले, आणि पुढची चाळीस वर्षं माझं वय त्याच आसपास राहिलं. नाटकात, मालिकांत, सिनेमात मी आई झाले, आजी झाले, सासू, सुईण, शेजारची काकू, कोर्टात साक्ष द्यायला आलेली विधवा झाले. एकदा तर पडद्यावर माझ्याहून सहा वर्षांनी मोठ्या असलेल्या नटाची आई झाले, आणि तो मला सेटवर वाकून नमस्कार करायचा. लोक विचारतात, वाईट नाही वाटलं? नाही वाटलं. मला हे काम येतं, आणि चांगलं येतं. ते कसं येत गेलं, आणि एकदा त्यात मी कुठे चुकले, ते सांगते.

माझे वडील वरणगावच्या फॅक्टरीत कामगार होते. आमचं लहानपण कॉलनीच्या क्वार्टरमध्ये गेलं. सकाळी भोंगा वाजला की सगळी कॉलनी एकदम सायकलवर बसायची. शेजारी एका बाजूला नागपूरकडचं कुटुंब, दुसऱ्या बाजूला पंजाबातलं, मागच्या ओळीत केरळचं. आमच्या घरात वरणगावकडची बोली. आई खिडकीतून हाक मारायची, "काय करून राह्यली वं तिथी?" आणि त्याच वेळी शेजारची बाई तिच्या भाषेत तिच्या मुलाला हाका मारत असायची. मला भाषा कळायच्या नाहीत, पण कोण चिडलंय, कोण चिडल्याचं नाटक करतंय, हे सुरावरून कळायचं. कोणी शिकवलं नव्हतं. काही मुलांना पोहता येतं तसं मला ऐकता यायचं.

कॉलनीत दर वर्षी कामगारांच्या स्नेहसंमेलनात नाटक व्हायचं. ते बसवायचे फॅक्टरीच्या स्टोअरमधले एक गृहस्थ, ज्यांना सगळे नाना म्हणत. पूर्वी बायकांची कामं पुरुषच करत, पण नानांनी हट्ट धरला की आता कॉलनीतल्या मुलीच घ्यायच्या. नायिकेसाठी पाच मुली पुढे आल्या. नायकाच्या म्हाताऱ्या आईसाठी एकही नाही. केसांना पांढरी पावडर लावली तर स्थळं यायची बंद होतील, असं एकीच्या आईने स्पष्टच सांगितलं. मी हात वर केला. त्यात काही थोरपणा नव्हता. नायिकेच्या कामात मला कोणी घेतलं नसतं, हे मला ठाऊक होतं, आणि मला स्टेजवर उभं राहायचं होतं.

पहिल्या तालमीला मी कंबरेतून वाकले, हात थरथरवला, आवाज कापरा केला. सगळे हसले. मला वाटलं, जमलं. नाना मात्र हसले नाहीत.

"ही म्हातारी तू कुठे पाहिलीस?" त्यांनी विचारलं.

"नाटकात," मी म्हटलं.

"मग ती तिथेच राहू दे. बाजाराच्या दिवशी बाजारात जा आणि खरी शोधून आण."

मी गेले. वाळलेल्या मिरच्या विकणारी एक म्हातारी निवडली आणि समोरच्या टपरीच्या आडोशाला दुपारभर उभी राहिले. तिची कंबर ताठ होती. हात अजिबात थरथरत नव्हते. ती उठून पाणी प्यायला गेली आणि परत येऊन बसताना तिने आधी एक तळवा मागे जमिनीवर टेकवला, जमीन आहे ना याची खात्री केली, आणि मगच बसली. तिला कोणी काही विचारलं की ती लगेच उत्तर द्यायची नाही. प्रश्न जणू लांबून चालत यायचा, आणि तो पोचेपर्यंत ती थांबायची. मी एवढ्याच दोन गोष्टी घेऊन घरी आले. पुढच्या तालमीला मी त्या दोनच केल्या. नाना म्हणाले, "आता पावडरसुद्धा लावली नाही तरी चालेल."

प्रयोगाच्या दिवशी माझे वडील तिसऱ्या रांगेत बसले होते. त्यांनी शेजारच्याला विचारलं, "नानांनी ही कोणाची माय आणली?" आईने मात्र मला ओळखलं. तिने माझे पाय ओळखले. ती म्हणाली, चेहरा बदलशील, पण पाय वडिलांवर गेलेत ते कुठे लपवशील?

एकविसाव्या वर्षी मला धुळ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटरची नोकरी लागली. आजच्या मुलींना ते समजावून सांगावं लागतं. दुसऱ्या गावी फोन लावायचा तर आधी आमच्याकडे नंबर सांगायचा, आणि आम्ही तारा जोडून द्यायच्या. कोणाचं बोलणं ऐकायचं नाही असा कडक नियम. पण लाइन जुळली की नाही हे पाहायला दोन-तीन सेकंद कान द्यावाच लागायचा, आणि तेवढ्यात कितीतरी कळायचं. मुंबईहून मुलगा "हॅलो" म्हणायचा आणि इकडे बापाचा श्वास अडकायचा. बातमी बरी की वाईट हे शब्दांच्या आधी श्वासात यायचं. पुढे एकदा मला कोणी विचारलं की तुमचं अभिनयाचं शिक्षण कुठे झालं, तेव्हा मी म्हटलं, हेडफोन लावून, आठ तासांच्या ड्यूटीत. त्यांना तो विनोद वाटला.

नोकरीत असतानाच लग्न झालं. नवरा धुळ्याच्या एका हायस्कुलात गणित शिकवायचा. त्याचं घर सोनगीरपासून थोडं आत, एका खेड्यात. शेतीचं घर, आणि घरात चोवीस तास अहिराणी. मी खानदेशाच्या दुसऱ्या टोकाची, माझी बोली वेगळी. सासूबाईंना सगळं गाव अक्का म्हणायचं, म्हणून मीही अक्काच म्हणू लागले. पहिल्याच दिवशी त्यांनी माझं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तू काय बोलस ते माले समजस नही, पन आवाज चांगला शे."

मी त्यांची भाषा शिकले ती त्यांच्या मागे मागे हळू आवाजात तेच वाक्य म्हणून. त्या चुलीपाशी काही बोलल्या की मी ते परत म्हणायची, त्याच चालीत. एकदा त्यांनी वळून पाहिलं.

"मनी नक्कल करस का वं?"

मी घाबरले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "कर. पन नीट कर."

मला नाटकाचं वेड आहे हे त्यांना लग्नाआधीच सांगितलं होतं. सासर विरोध करेल म्हणून मी सगळी उत्तरं तयार ठेवली होती. ती वाया गेली. अक्कांनी एवढंच बजावलं: "नाटक कर, पन खोटं रडू नको." त्यांना खोटं रडणाऱ्या बायकांची चीड होती. गावात कोणी गेलं की दारापर्यंत गप्पा मारत येणाऱ्या आणि उंबऱ्यावर एकदम हंबरडा फोडणाऱ्या बायका त्या मला बोटाने दाखवायच्या.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी सासरे आजारी पडले. त्यांना धुळ्याला दवाखान्यात ठेवलं होतं. नवरा त्यांच्यापाशी होता, आणि मी रजा घेऊन गावी अक्कांच्या सोबतीला होते. एका दुपारी मी आत चुलीपाशी भाकरी करत होते. अक्का बाहेरच्या खोलीत होत्या. मधे भिंत. बाहेर सायकल टेकवल्याचा आवाज आला. त्यांचा पुतण्या धुळ्याहून आला होता. तीस-बत्तीस वर्षांचा बाप्या, एरवी सतत बडबडणारा. तो दारात आला आणि काहीच बोलला नाही. मला त्याचा श्वास ऐकू आला, आणि मला कळलं. ज्या क्षणी मला कळलं त्याच क्षणी अक्कांनाही कळलं असणार. मी तवा तसाच सोडला आणि त्यांच्या ओरडण्याची वाट पाहत उभी राहिले.

अक्कांचा आवाज आला, अगदी रोजचा, "जेवना का तू?"

तू जेवलास का. बस्स. तो पुतण्या जो रडायला लागला, तो थांबेना. अक्का त्याला म्हणत होत्या, बस, पाणी पी, एवढ्या उन्हात सायकल चालवत आलास. मी बाहेर गेले तेव्हा त्याचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं आणि त्यांचे डोळे कोरडे होते. त्या किती दिवसांनी रडल्या, रडल्या की नाही, ते मला आजही माहीत नाही.

त्यानंतर वीस-पंचवीस वर्षं मी धुळ्यातल्या एका हौशी संस्थेत नाटकं केली. नोकरी, दोन मुली, आणि संध्याकाळी तालीम. एक्स्चेंज यंत्रावर गेलं, आम्हा ऑपरेटर बायकांना बिलाच्या खिडकीवर बसवलं, पण तालीम चालू राहिली. स्पर्धांना आम्ही जळगावला जायचो, नाशिकला जायचो. मी म्हाताऱ्या करायची. एकदा मुख्य भूमिका करणारी बाई बाळंतपणामुळे अडली म्हणून तिचं काम माझ्याकडे आलं. मी तेव्हा तिशीत होते, दिसायला बरी होते. काम व्यवस्थित केलं, टाळ्या मिळाल्या, आणि मला कंटाळा आला. नायिकेकडे सगळे पाहत असतात, त्यामुळे तिला दुसऱ्याकडे पाहायला सवड मिळत नाही. पुढच्या नाटकात मी आपली परत आजी झाले.

एका स्पर्धेत परीक्षकांनी लेखी शेरा दिला: अभिनय उत्तम, परंतु उच्चारांवर प्रादेशिक छाप. मला ते लागलं. मी घरात टेपरेकॉर्डर आणला, बातम्या रेकॉर्ड केल्या, आणि जशी अक्कांच्या मागे अहिराणी म्हणायची तशी बातम्या देणाऱ्या बाईंच्या मागे त्यांची मराठी म्हणू लागले. सहा महिन्यांत छाप गेली. पुढच्या वर्षी परीक्षकांनी उच्चारांचं कौतुक केलं. तेव्हा मला अभिमान वाटला. आज वाटतं, शिकले ते चांगलंच झालं, पण शेरा लिहिणाऱ्याचं बोलणंही पुण्याच्या एका पेठेतलंच होतं. तोही एक प्रदेशच.

या स्वच्छ मराठीनेच मला मुंबईच्या मालिकांची कामं मिळाली. पहिलं काम एका मोठ्या घरातल्या जुन्या मोलकरणीचं. महिन्यातून तीन-चार दिवस. मी ऑफिसात रजा टाकून जायची. पहिल्या दिवशी मी स्टेजवर करते तसं केलं. कॅमेऱ्यामागच्या वयस्कर गृहस्थांनी दोन टेक सहन केले, मग जवळ येऊन म्हणाले, "ताई, तुम्ही शेवटच्या रांगेसाठी काम करताय. इथे शेवटची रांगच नाही. बघणारा तुमच्या मांडीवर येऊन बसलाय."

मी विचारलं, "मग हात काय करू?"

"काहीच करू नका. डोळ्यांनी जेवढं ऐकता, तेवढंच दिसू द्या."

डोळ्यांनी ऐकणं. ते मला येत होतं, फक्त ते दाखवायचं असतं हे माहीत नव्हतं. तिसऱ्या टेकला ते समाधानाने मागे सरले. त्यानंतर मला काम मागत फिरावं लागलं नाही. मोठी भूमिका कधीच नाही, पण ज्या प्रसंगात आई गप्प बसते तो प्रसंग असला की फोन येऊ लागले. नोकरीतून लवकर निवृत्ती घेतली. धुळ्याचं घर सोडलं नाही. मुंबईत राहा, कामं वाढतील, असं कित्येकांनी सांगितलं. मला माझ्या माणसांत राहून काम करायचं होतं, आणि तसंच केलं.

सात-आठ वर्षांपूर्वी एका सिनेमात काम मिळालं. शूटिंग सोनगीरच्या परिसरातच. मी नायकाची आई. गोष्ट अशी की तिचा थोरला मुलगा शहरात कामाला असतो, तिथे अपघातात जातो, आणि त्याचा मित्र गावी येऊन आईला सांगतो. सिनेमातला हा मोठा प्रसंग. मला पानं मिळाली. पाऊण पान विलाप. आईने छाती बडवायची, देवाला शिव्या घालायच्या, आणि सगळं "गेलंया, आलंया, आमी जातू" या भाषेत.

दिग्दर्शक पुण्याचा, तिशीतला, हुशार आणि सभ्य मुलगा. मी पानं घेऊन त्याच्यापाशी गेले.

"ही बाई कुठली?" मी विचारलं.

"ताई, इथलीच. समोर किल्ला दिसतोय ना, त्याच्या पायथ्याचं गाव."

"मग ही साताऱ्याकडची भाषा तिच्या तोंडात कशी आली?"

तो जरा ओशाळला. "प्रेक्षकांना ग्रामीण म्हणजे हीच ओळखीची असते."

"मग शूटिंगही तिकडेच करायचं होतं. इथे एवढं ऊन कशाला खाताय?"

तो मनापासून हसला. त्याच्या जागी दुसरा कोणी असता तर मला बदललं असतं. मी म्हटलं, "एक टेक तुमच्या कागदाप्रमाणे देते. पूर्ण मनापासून देते, त्यात कसर ठेवणार नाही. मग एक माझा घ्या. नाही आवडला तर फेकून द्या."

तो कबूल झाला. त्याचा टेक मी खरंच मनापासून केला. घसा बसेपर्यंत केला. सगळ्यांनी वाहवा केली. मग माझा टेक. मित्राचं काम करणारा तरुण जवळच्याच गावचा, शाळेत शिक्षक, पहिल्यांदाच कॅमेऱ्यासमोर उभा राहिलेला. मी काय बोलणार ते त्याला सांगितलं नव्हतं. तो दारात आला. मी उभी होते, खांबाला हात लावून. त्याच्याकडे पाहिलं. थोडी थांबले, आणि म्हटलं, "जेवना का तू?"

त्याला त्याचं वाक्य आठवेना. तो खरोखरच मला उत्तर द्यायला लागला. "नही," म्हणाला, आणि तोंड फिरवून रडायला लागला. मी त्याच्याकडे चालत गेले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला आत नेलं. "कट" म्हटल्यावर ध्वनिमुद्रण करणारा म्हणाला, "त्यांचा 'नही' नीट आला नाही, पुन्हा घ्यायचा का?" दिग्दर्शक म्हणाला, "हात लावू नका त्याला."

सिनेमात तोच टेक राहिला. त्यासाठी मला पुरस्कारही मिळाला. मुलाखतींत मी सांगत फिरले की हे वाक्य माझ्या सासूबाईंचं. मोठ्या अभिमानाने सांगितलं. फक्त सासूबाईंना सांगितलं नाही. का नाही सांगितलं, याचं मला धड उत्तर देता येत नाही. मला वाटलं असावं, त्या पाहतील तेव्हा त्यांना आनंदच होईल.

धुळ्याच्या थिएटरात सिनेमा लागला तेव्हा आम्ही घरची सगळी गाडी करून गेलो. अक्का तेव्हा पंचाऐंशीच्या आसपास. कान तल्लख, डोळ्यांना जाड चष्मा. तो प्रसंग आला. मी पडद्याकडे न पाहता त्यांच्याकडे पाहत होते, शाबासकीची वाट पाहत. त्यांनी चष्मा काढला आणि पदराने पुसत बसल्या. प्रसंग संपला तरी पुसत होत्या. परतीच्या वाटेवर बाकी सगळे बोलत होते. त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. मी त्यांना गावी सोडलं, आणि उतरताना त्यांनी माझा हात धरला नाही. दिराचा धरला.

ते दिवस फार जड गेले. नवऱ्याला म्हटलं, "त्या रागावल्यात." तो गणितवाला माणूस, म्हणाला, "इथे बसून अंदाज काय करतेस? जाऊन विचार."

पुढच्या रविवारी गेले. अक्का ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मी शेजारी बसून सोलू लागले. मग म्हटलं, "अक्का, मनं चुकनं का?"

त्यांनी शेंगेवरून नजर उचलली नाही. "ती गोट मनी व्हती," म्हणाल्या. ती गोष्ट माझी होती. "पुसाले पायजे व्हतं."

मला विचारायला हवं होतं. एवढं साधं. मी चाळीस वर्षं बाजारातल्या, बसमधल्या, दवाखान्यातल्या बायकांचं चालणं-बोलणं उचलत आले होते. ते माझं कौशल्य आहे असं मी समजत होते, आणि आहेच. पण मिरच्यावालीचं बसणं उचलणं वेगळं आणि हे वेगळं. या बाईने आयुष्यातल्या सगळ्यात वाईट घटकेला जे केलं, ते मी गावोगावच्या थिएटरांत दाखवलं होतं, आणि वर त्याचा हार गळ्यात घालून घेतला होता. मी सारवासारव करत बसले नाही. म्हटलं, "हो. विचारायला पाहिजे होतं. माझं चुकलं."

त्यांनी मान हलवली. आम्ही अजून थोड्या शेंगा सोलल्या. मग त्या आपणहून म्हणाल्या, "आनि तू उभी व्हती."

"म्हणजे?"

"तठे. सिनेमामा. तू उभी व्हती. मी उभी नव्हतू. बठेल व्हतू." त्यांनी स्वतःच्या गुडघ्यांवर हात ठेवला. "मना पायच गयथात. उठता येत नव्हतं, म्हनीसन त्याले जेवन पुसं."

भिंतीआडून मी फक्त आवाज ऐकला होता. त्या स्थिर, रोजच्या आवाजावरून मी एक ताठ उभी बाई मनात बांधली होती, खांबाला हात लावलेली, चालत जाऊन दुसऱ्याला सावरणारी. लोकांनी तिलाच टाळ्या दिल्या. खरी बाई जमिनीवर बसलेली होती आणि तिला उठता येत नव्हतं. पुतण्याचं डोकं तिच्या मांडीवर होतं, कारण तिला त्याच्याकडे जाता येत नव्हतं. तोच तिच्यापर्यंत आला होता. मी बाहेर गेले तेव्हा मला ती मांडी दिसलीच होती. मी पाहिलं होतं, पण माझ्या कानांवर माझा इतका विश्वास की डोळ्यांनी पाहिलेलं मी विचारातच घेतलं नाही.

"अक्का," मी म्हटलं, "मला आधी सांगितलं असतं तर मी बसूनच केलं असतं."

"तू पुसं कोठे?" त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदा हसल्या. मग सोललेले दाणे माझ्या ओच्यात ओतले आणि म्हणाल्या, घरी घेऊन जा, मुलींना उसळ कर.

अक्का आता नव्वदीच्या पुढे आहेत. त्यानंतर त्यांनी मला त्या दिवसाबद्दल आणखीही काही सांगितलं. ते मी कुठल्याही भूमिकेत वापरलेलं नाही आणि इथेही लिहिणार नाही. जे इथे लिहिलं ते त्यांना वाचून दाखवलं आहे. दोन ठिकाणी त्यांनी माझी अहिराणी दुरुस्त केली.

त्या रविवारनंतर माझं काम बदललं. आता मी विचारते. पुष्कळदा अडचण होते, लोक हसतात, काही बायका सरळ नाही म्हणतात, आणि मग ती गोष्ट सोडून द्यावी लागते, कितीही मोलाची असली तरी. तरुण मुली माझ्याकडे जळगावला शिबिरात येतात, त्यांनाही मी हेच सांगते: पाहा, ऐका, पण कोणाचं दुःख उचलणार असाल तर आधी दार वाजवा. एकीने विचारलं, असं विचारल्यावर समोरची बाई सावध होत नाही का, खरं वागणं थांबवत नाही का? होते, मी म्हटलं. मग तिच्यापाशी जास्त वेळ बसायचं. सावधपणा कोणालाच फार वेळ टिकवता येत नाही.

मागच्या हिवाळ्यात एका नव्या नाटकासाठी मला चहाची टपरी चालवणारी बाई करायची होती. चाळीसगावला स्टेशनबाहेर तशी एक बाई मला आधीपासून माहीत होती. पन्नाशीची, खणखणीत आवाजाची, आणि तिचं हसणं विचित्र: आधी एकदम थांबायची, मग हसायची, जणू परवानगी घेतल्यासारखं. मी मुद्दाम गेले. चहा घेतला. मग ओळख सांगून म्हटलं, "मला नाटकात तुमच्यासारखी बाई करायची आहे. तुमचं हसणं घेऊ का?"

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हसणं घेणार म्हणजे? मग मी काय करू?"

"तुमचं तुमच्याकडेच राहील. मी तसंच हसेन."

"आणि लोक त्याला हसतील?"

"काही ठिकाणी हसतील," मी खरं सांगितलं.

ती थांबली, आणि हसली. तेच हसणं. मग म्हणाली, "थांबा, मग मी बी तुमचं काही तरी घेते." तिने हातातलं फडकं खाली ठेवलं, टपरीच्या बाहेर आली, बगलेत काल्पनिक पर्स दाबली, मान जराशी उंच केली आणि चार पावलं टाकून बाकड्यापाशी आली. बाकड्यावर बसण्याआधी एका बोटाने धूळ आहे का पाहिलं, आणि मोठ्या सौजन्याने म्हणाली, "एक चहा मिळेल का हो, साखर कमी?"

बाकड्यावर बसलेले दोन रिक्षावाले खो खो हसायला लागले. मला क्षणभर लाज वाटली, कारण ते अगदी बरोबर होतं. ती मीच होते, इतकी वर्षं कॅमेऱ्यासमोर वावरलेली, स्वतःला साधी समजणारी बाई. धूळ तपासणारं बोट तर मला स्वतःला कधीच दिसलं नव्हतं.

"कुठे शिकलात हे?" मी विचारलं.

"दिवसाला एवढी माणसं येतात," ती पुन्हा फडकं उचलत म्हणाली, "पाहते त्यांच्याकडं. दुसरं करायचं काय?"

मी तिला नाटकात काम कराल का म्हणून विचारलं. ती म्हणाली, टपरी कोण सांभाळणार? पण तालमीला एक दिवस येऊन गेली, पहिल्या रांगेत बसली, आणि मी गल्ल्यापाशी उभी राहते ती जागा चूक आहे, तिथून स्टोव्ह हाताला लागणार नाही, असं दिग्दर्शकाला सांगून गेली. आम्ही स्टोव्ह हलवला.